अर्धं पाऊल पुढे

मला दिसत नाही. मोबिलिटी, म्हणजे न दिसता आपलं आपण चालणं-फिरणं, शिकतेय असं सांगितलं की नाशिकमध्ये हमखास एक प्रश्न येतो : "त्यापेक्षा ट्रेनिंग दिलेला कुत्रा का नाही घेत?" रिक्षावाले विचारतात, बँकेतले विचारतात, सोसायटीच्या वॉचमननंही विचारलं. विचारणारा मनापासून विचारतो. उत्तर मात्र एका दमात देता येत नाही. चार महिने जे शिकले त्यात ते उत्तर सापडलं, आणि कुत्रा कसं काम करतो हे समजल्यावर माणसाबरोबर कसं चालायचं तेही नीट समजलं. म्हणून शिकवलं गेलं त्याच क्रमानं लिहिते. ज्यांची नजर नुकतीच गेली आहे त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

पहिल्या दिवशीच काठी हातात मिळेल असं वाटलं होतं. मिळाली नाही. पहिले दोन आठवडे फक्त कोपर. घरून सोबतीला धाकटी जाऊ येत होती, आणि मोबिलिटीच्या सरांनी माझ्याइतकंच तिलाही शिकवलं.

आपल्याकडे न दिसणाऱ्या माणसाला नेण्याची एकच रीत आहे. दंडाला धरायचं आणि पुढे घालून न्यायचं. त्यात माया असते यात शंका नाही. पण असं नेताना पुढे कोण असतं, ते बघा. खड्डा, पायरी, दगड आधी न दिसणाऱ्याच्या पायाला लागतो आणि डोळस माणूस मागे राहतो. शिवाय दंड दुसऱ्याच्या मुठीत अडकल्यामुळे तोल गेला तर हात टेकून सावरताही येत नाही. शरीर हे लगेच ओळखतं. खांदे वर जातात, गुडघे ताठ होतात, पाऊल आखूड पडायला लागतं. मग घरचे म्हणतात, "घाबरू नकोस, मी आहे ना!" घाबरण्याचं कारण त्यांच्या पकडीतच असतं.

बरोबर पकड अशी. सोबतीनं आपल्या हाताची मागची बाजू माझ्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवायची. तेवढी खूण पुरते. मी त्या हातावरून वर सरकत कोपराच्या जरा वर पकडायचं, पाण्याचा पेला धरतो तसं : अंगठा बाहेरच्या बाजूला, चार बोटं आतल्या बाजूला. माझं कोपर काटकोनात, बरगड्यांना टेकलेलं. सोबतीचा हात सैल सोडलेला. अशी पकड बसली की मी आपोआप तिच्या अर्धं पाऊल मागे आणि जराशी बाजूला येते. पाऊल 60 सेंटिमीटरचं धरलं तर ते अंतर 30 सेंटिमीटर होतं, आणि सावकाश चालीत तेवढ्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. ऐकायला काहीच नाही. पण तिचं शरीर खाली गेलं, वर गेलं, वळलं, थबकलं, हे सगळं माझा पाय तिथे पोचण्याआधी कोपरातून माझ्या बोटांना कळतं. कोपराचं सगळं काम त्या 30 सेंटिमीटरमध्ये आहे.

अरुंद जागा आली, म्हणजे मेन रोडवर दुचाक्यांच्या रांगेतली फट किंवा भद्रकालीतली बोळ, की सोबतीनं धरलेला हात आपल्या पाठीमागे मध्यभागी न्यायचा. तो हलला की मी तिच्या बरोबर मागे यायचं आणि माझा हात सरळ करायचा, नाहीतर तिच्या टाचेवर पाय पडतो. बोलायची गरज नाही. जागा मोकळी झाली की तिचा हात पुन्हा बाजूला येतो.

पायऱ्यांना सरळ सामोरं जायचं, तिरकं कधीच नाही. तिरकं गेलं की एक पाय कडेवर आधी येतो आणि दुसऱ्याला ती कड सापडतच नाही. कडेशी सोबतीनं पूर्ण थांबायचं आणि एकच शब्द सांगायचा : "चढ" किंवा "उतार". मी चवड्यानं कड चाचपते. पहिलं पाऊल तिचं, मग माझं. त्यानंतर ती सतत एक पायरी पुढे. शेवटच्या पायरीनंतर सपाटीवर ती पुन्हा थांबते, आणि त्या थांबण्याचा अर्थ "संपलं" असा. पायऱ्या मोजून सांगू नयेत. मोजणारा एखाद्या वेळी चुकतो, आणि आकड्यावर विसंबलेला पाय हवेत जातो. गोदाघाटावर तर मोजण्याचा काही उपयोगच नाही. तिथली एक पायरी वीतभर उंच, पुढची त्याच्या निम्मी, मध्येच एखादी ओट्याएवढी रुंद, आणि पाण्याजवळच्या शेवाळलेल्या. तिथे प्रत्येक पायरीवर थांबायचं. वेळ लागतो, लागू द्यायचा.

एक शब्द सरांनी जाऊला कायमचा सोडायला लावला : "जपून". "सांभाळून" हा त्याचाच भाऊ. जपून म्हणजे काय करायचं? वर आहे की खाली, उजवीकडे की डावीकडे, काहीच कळत नाही. कळतं एवढंच की काहीतरी वाईट होणार आहे. ऐकणारा जागच्या जागी आखडतो, आणि आखडलेला माणूस पडतो. त्याऐवजी "उजव्या पायाशी खड्डा", "एक पायरी उतार", "डोक्याशी फांदी". "इकडे या", "तिथे बसा" हे शब्दही "जपून"सारखेच निरुपयोगी. खुर्ची दाखवायची तर माझा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवायचा, बाकीचं मी करते. खांदे दाबून बसवायचं नाही. रिक्षात बसताना एक हात टपाच्या कडेवर आणि दुसरा सीटवर ठेवून द्यायचा, कारण रिक्षात पायापेक्षा डोकंच जास्त आपटतं. बसमध्ये दाराचा दांडा हाताला लागला की पुढचं अवघड नसतं.

दुसऱ्या आठवड्यात मेहेर चौकाजवळ दुकानांच्या रांगेसमोरून चाललो होतो. जाऊ बोलत होती, मी ऐकत होते. ओट्याची कड आली आणि ती न थांबता उतरली. जेमतेम 15 सेंटिमीटरची पायरी, पण माझा पाय गपकन खाली गेला आणि दात एकमेकांवर आपटले. "अगं बाई, ताई, चुकलंच माझं," असं म्हणत तिनं माझं मनगट घट्ट धरलं. सर मागून आले. म्हणाले, "माफी नको. मनगट सोडा. दोघी चार पावलं मागे जा." आम्ही मागे गेलो, पुन्हा पकड घेतली, पुन्हा त्याच कडेशी आलो. या वेळी ती थांबली. सर म्हणाले, "आता चांगलं म्हणा." मी "छान" म्हणाले. मग आणखी दोनदा तेच. तिसऱ्यांदा माझे खांदे खाली आले होते, आणि ते मला ठरवून करावं लागलं नव्हतं.

ही चार पावलांची रीत मार्गदर्शक श्वानांच्या शाळांमधली आहे, हे सरांनी नंतर सांगितलं. कुत्र्यानं कड चुकवली किंवा सोबतच्या माणसाला खांबावर घासलं, तर तिथेच थांबतात, काही पावलं मागे जातात, तोच तुकडा पुन्हा चालतात आणि बरोबर झाल्यावर शाबासकी देतात. चूक तशीच मागे टाकून पुढे गेलं तर कुत्र्याला वाटतं की हे चालतं, आणि माणसाच्या शरीरात ती जागा भीती होऊन राहते. माणसामाणसांत आपण उलट करतो. माफी मागतो, पकड घट्ट करतो आणि पुढे निघतो. माफीनं मन शांत होत असेल, पायाला काही समजत नाही. पायाला तीच पायरी पुन्हा, नीट हवी असते.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी गोल्फ क्लब मैदानावर बोलावलं. सकाळी साडेसहाला ट्रॅकवर फिरणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणजे अडथळे आपणहून मिळतात. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप वाकवून एक ताठ मूठ केली होती, मार्गदर्शक श्वानाच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना, असते तशी. एक टोक त्यांच्या हातात, मूठ माझ्या डाव्या हातात. कुत्रा ते, चालवणारी मी. श्वानशाळांमध्ये हा सराव 'जुनो' नावानं ओळखला जातो. खरा कुत्रा देण्याआधी प्रशिक्षक असाच कुत्र्याच्या जागी चालतो, म्हणजे समोरच्याची चाल किती वेगाची आहे, त्याला हातात किती ओढ सोसवते हे कळतं आणि जोडी लावता येते. आमच्या बाबतीत जोडी लावायची नव्हती. ताठ मूठ काय बोलते ते मला कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मूठ खूप बोलते. ती ताठ असल्यामुळे पुढच्याची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी मनगटात येते. नुसता पट्टा असता तर फक्त ओढ कळली असती. डावीकडे सरकणं, थबकणं, वेग मंदावणं, अडथळा टाळण्यासाठी घेतलेलं वळण आणि पुन्हा मूळ रेषेवर येणं, हे सगळं वेगवेगळं लागतं. पहिल्या फेरीत मी मुठीला मागे ओढून धरलं होतं. सर म्हणाले, "ब्रेक लावून बसलात तर मी थांबलो हे तुम्हाला कळणार कसं?" पुढचा हलकं ओढत राहिला तरच त्याचं थांबणं जाणवतं. हात सैल सोडायला मला पाच फेऱ्या लागल्या.

मार्गदर्शक श्वान काय करतो याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "बँकेत चल" म्हटलं की कुत्रा नेतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. रस्ता माणसाला पाठ असावा लागतो. पुढे, डावीकडे, उजवीकडे या आज्ञा माणूस देतो. कुत्रा सरळ रेषा धरतो, वाटेतल्या वस्तूंना वळसा घालतो, चढ-उताराच्या प्रत्येक कडेशी थांबतो. वळसा घालताना त्याला आपल्यासोबत चालणाऱ्याची रुंदी आणि उंचीही धरावी लागते. त्याच्या डोक्यावरून सहज जाणारी फांदी माणसाच्या कपाळावर बसेल, हे त्याला शिकवलेलं असतं. सिग्नलचा लाल-हिरवा दिवा तो वाचत नाही. वाहनांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूसच ठरवतो.

आणि तरीही कुत्र्याला एक अधिकार दिलेला असतो. माणसानं "पुढे" म्हटलं, पण समोरून गाडी येतेय किंवा जमीनच नाही, तर त्यानं हलायचं नाही. शहाणपणानं आज्ञा मोडायची. सगळ्या शिक्षणातला हा सर्वात अवघड भाग, आणि विश्वास म्हणतात तो इथे दोन्ही बाजूंनी लागतो. कुत्रा अडला की माणसानं रागवायचं नाही, ओढायचं नाही. पायानं किंवा हातानं चाचपून तो का थांबला ते शोधायचं, मग शाबासकी द्यायची, मगच पुढची आज्ञा. अडलेल्या कुत्र्याला दोन-चार वेळा ओढून पुढे नेलं, तर तो अडायचं सोडून देतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला बरोबर घेतलं, तीच माणूस स्वतःच्या हातानं घालवतो.

हे ऐकल्यावर जाऊ एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही पण तेच करता." खरं होतं. ती थांबली तरी मी अर्धं पाऊल पुढे रेटत होते, कारण घाई मला असायची. म्हणून ती मला धरून ठेवायला लागली होती. मनगटाची ती घट्ट पकड सगळी तिची चूक नव्हती. त्या दिवसापासून नियम केला : ती थांबली की मी थांबायचं, आधी कारण चाचपायचं आणि मग विचारायचं.

कुत्र्यांना या कामाचं पद्धतशीर शिक्षण देणं पहिल्या महायुद्धात सुरू झालं. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला 1916 मध्ये शाळा निघाली. 1928 मध्ये मॉरिस फ्रँक हा अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला आणि 1929 मध्ये अमेरिकेत 'द सीइंग आय' ही शाळा सुरू झाली. ब्रिटनमधल्या पहिल्या चार जोड्या 1931 च्या. आज जास्त करून लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांची संकरित पिल्लं घेतात. पिल्लू साधारण दोन महिन्यांचं झालं की एखाद्या कुटुंबात वाढवायला देतात. तिथे ते माणसांत, बाजारात, बसमध्ये वावरायला शिकतं. वर्ष-सव्वा वर्षानं ते शाळेत येतं आणि तिथे काही महिने हार्नेसचं काम शिकतं. मग जोडी लागते आणि माणूस दोन ते चार आठवडे शाळेच्या प्रशिक्षकाबरोबर त्या कुत्र्यासोबत शिकतो.

त्या पहिल्या दिवसांत गोड काहीच नसतं. कुत्र्याचं लक्ष जुन्या प्रशिक्षकाकडे असतं, त्याच्या पावलांचा आवाज आला की मान तिकडे. म्हणून खाणं, पाणी, ब्रश करणं, बाहेर नेणं सगळं नव्या माणसानंच करायचं. घरातल्या कुणी लाडानं तुकडाही घालायचा नाही. कुत्रा आपल्या माणसाच्या जवळच झोपतो. जोडी खरोखर जमायला सहा महिने ते वर्ष लागतं, असं शाळा आधीच सांगून ठेवतात. हार्नेस चढवला की काम, उतरवला की खेळ. म्हणूनच हार्नेसमधल्या कुत्र्याला दुसऱ्या कुणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. आणि हा सोबती साधारण 8 ते 10 वर्षांचा झाला की निवृत्त होतो. मग पुन्हा नवा कुत्रा, पुन्हा पहिल्यापासून.

आता आपल्या रस्त्यांचं. कुत्र्याचं पायाभूत काम कडेपासून कडेपर्यंत सरळ जाण्याचं, आणि आपल्याकडे सलग फुटपाथच कुठे आहे? फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर कडेनं चालायचंही कुत्र्याला शिकवतात, पण ती कडसुद्धा दुचाक्या, हातगाड्या आणि खोदकामाच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. मे महिन्यातल्या दुपारचं डांबर पंजे भाजतं. सगळ्यात मोठी अडचण गल्लीतल्या कुत्र्यांची. परका कुत्रा हद्दीत शिरला की पाच-सहा जण अंगावर येतात, आणि हार्नेसमधल्या कुत्र्याला ना पळता येतं ना उलटता येतं. असा हल्ला झालेला कुत्रा पुढे इतर कुत्र्यांना इतका घाबरायला लागू शकतो की त्याला कामावरून काढावं लागतं. म्हणून मला कुत्रा नको वाटतो असं नाही. रस्ते तसे असते तर मी अर्ज केला असता. पण तेव्हाही शाळेनं पहिला प्रश्न विचारला असता की काठीनं एकट्या कुठवर जाता? ज्याला रस्ता माहीत नाही त्याला कुत्रा नेऊ शकत नाही. तेव्हा काठी दोन्हीकडून आधी येते.

काठी मिळाली ती पाचव्या आठवड्यात. चार भागांत घडी होणारी, अ‍ॅल्युमिनियमची, आतून इलॅस्टिकची दोरी. लांबी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. माझ्या 157 सेंटिमीटर उंचीला 115 ची. भरभर चालणाऱ्याला अजून लांब लागते, कारण काठीनं शोधल्यावर थांबायला जागा हवी. लांब काठी दोन्हीकडे फिरवत चालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी बसवली. त्याआधी पांढरी काठी होती, पण ती मुख्यतः लोकांना दिसण्यापुरती.

मूठ नाभीसमोर, पोटापासून वीतभर पुढे. तर्जनी काठीवर सरळ. हलतं ते मनगट, खांदा हलवायचा नाही. टोक डावी-उजवीकडे खांद्यांच्या रुंदीपेक्षा प्रत्येकी दोन-तीन सेंटिमीटर जास्त जातं आणि मध्ये जमिनीपासून तेवढंच उचलतं. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकतं, उजवा पडताना डावीकडे. म्हणजे पुढचा पाय जिथे पडणार ती जागा काठीनं आधीच पाहिलेली असते. ही लय आठवडाभर चुकत राहते. चुकली की थांबून सुरू करायचं, चालता चालता जुळवू नये.

माझी चूक वेगळीच निघाली. दमले की मूठ मध्यातून उजवीकडे सरकायची. मग टोकाची फेक उजवीकडे जास्त, डावीकडे कमी, आणि डावा खांदा उभ्या स्कूटरच्या आरशांवर. मला वाटायचं गर्दी वाढलीय. सरांनी मूठ पुन्हा नाभीसमोर आणून दिली आणि आरसे संपले. दुसरी चूक सगळेच करतात : काठी घट्ट धरणं. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यात किंवा चेंबरच्या जाळीत टोक अडकलं की घट्ट धरलेली मूठ सरळ पोटात बसते. सैल धरलेली हातात मागे सरकते आणि निभावतं.

कमरेच्या वरचं काठीला कळत नाही. टपरीचा पत्रा, फांदी, उभ्या ट्रकचं फाळकं. काठी चाकांच्या मधून आरपार जाते आणि कपाळ फाळक्यावर. शंका आली की मोकळ्या हाताची कोपरापुढची बाजू चेहऱ्यासमोर आडवी धरायची, तळवा बाहेर. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन 2014 मध्ये आली. तिच्या मुठीवरचं यंत्र ध्वनिलहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ओळखून थरथरतं. चांगली आहे, पण आधी साधी काठी पक्की व्हायला हवी. देखभालीचं थोडक्यात : टोक तिरकं झिजलं की बदलायचं, नाहीतर ते अडकायला लागतं. पावसाळ्यात घडीच्या सांध्यांमध्ये चिखल बसतो, घरी आल्यावर पुसून, उघडी ठेवून वाळवायची. दोरी ढिली झाली की सांधे ऐन रस्त्यात सुटतात.

कुत्रा आणि काठी यांच्यातला खरा फरक रस्त्यावर कळला. कुत्रा अडथळा टाळतो, काठी अडथळा शोधते. कुत्र्याबरोबर खांब होता हे समजतही नाही. काठीनं खांब हाताला लागतो, आणि तो खांबच मग खूण होतो. माझा पाठ केलेला रस्ता अशोक स्तंभावरून रविवार कारंजा आणि तिथून होळकर पुलावरून पंचवटी. खुणा दोन प्रकारच्या ठेवायच्या असतात, कायमच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या. मिसळीच्या कटाचा वास ही जाणारी खूण, दुपारनंतर ती नसते. तिच्या भरवशावर वळायचं नाही. पूल ही पक्की खूण. रविवार कारंजावर आवाज दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून परत येतात, कान भरलेले असतात. पुलावर पाऊल पडलं की भिंती संपतात. आवाज पसरतो, दोन्ही गालांना वारा लागतो, पाण्याचा ओला वास येतो. संध्याकाळी उजव्या हाताला रामकुंडाकडून घंटा ऐकू येतात. पूल संपला की वारा एकदम पडतो. तिथे थांबून मी काठी डावीकडच्या कडेला लावते आणि कडेकडेनं जाते.

वाटेत आडवी झोपलेली कुत्री हा वेगळा धडा. दुपारी सावलीच्या पट्ट्यात ती असतातच. त्या पट्ट्यांत टोक उचलायचं नाही, जमिनीवरून घासत न्यायचं. त्या खरखरीनं कुत्रं आधीच उठतं. टोक अंगाला लागलं आणि ते गुरगुरलं तर काठी उचलायची नाही, पळायचं नाही. काठी उभी करून अंगाशी घ्यायची आणि ते जाईपर्यंत थांबायचं. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं.

रस्ता ओलांडताना पुस्तकातली पद्धत अशी : आपल्याला समांतर वाहनं सुरू झाली की निघायचं. नाशिकच्या चौकांत एवढ्यावर भागत नाही. उलट्या बाजूनं दुचाकी येते, डावीकडे वळणारे थांबत नाहीत आणि बॅटरीची स्कूटर ऐकूच येत नाही. म्हणून मोठ्या चौकात मी मदत मागते, पण नेमकी : "रस्ता ओलांडायला तुमचं कोपर धरू का?" बहुतेक लोक तरी मनगटच पकडतात. तेव्हा झटकायचं नाही. पकडलेला हात थोडा वर उचलायचा, दुसऱ्या हातानं त्यांची बोटं अलगद सोडवायची आणि आपणच त्यांचं कोपर धरायचं. "असं सोपं जातं मला" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

शेवटच्या महिन्यात जाऊ माझ्या मागे दहा पावलांवर चालायची. बोलायचं नाही, हा नियम. फक्त जीवावरचं काही असेल तर एकच शब्द, "थांबा", आणि तो आला की मी त्या क्षणी पाय जागेवर ठेवायचा, का म्हणून विचारायचं नाही. अठरा दिवसांत तिनं तो दोनदा उच्चारला. पहिल्यांदा उघडं चेंबर, माझ्या काठीनं ते उरलेल्या एका पावलात सापडलंही असतं. दुसऱ्यांदा रिव्हर्समध्ये येणारा पाण्याचा टँकर, त्याचा आवाज शेजारच्या जनरेटरमध्ये बुडाला होता. दोन्ही वेळा मी थांबले, काठीनं आणि कानानं कारण शोधलं, मग मागे वळून "छान" म्हणाले.

आता पंचवटीपर्यंत मी एकटी जाते. द्वारका चौक अजून तिच्या कोपरावर.